खुंटी

शोप्रोनला दर गुरुवारी
व्हिएन्नाच्या सकाळच्या गाडीने दात उतरतात,
म्हणजे माणसंच, पण आम्ही असंच म्हणतो.
संध्याकाळी परत जातात, गाल सुजलेले,
पिशवीत इथलं स्वस्त सलामी, जे आठवडाभर चावता येणार नाही.

लेंडवाई त्यांतले नव्हते. ते टेकडीवरच्या शाळेतून चालत आले,
खिशात पियानो जुळवायची किल्ली,
खालची डावी दाढ सहा वर्षांपूर्वीच गेलेली.

मी डॉक्टर बोरोकांची मदतनीस. एकोणीस वर्षं
पाण्याची नळी धरते. ड्रिल फिरताना हाड तापू द्यायचं नाही,
एवढंच माझं काम.
सत्तेचाळीस अंशांवर मिनिटभर राहिलं तरी हाड मरतं.
लगेच कळत नाही. मेलेलं हाड काही बोलत नाही,
काही दिवसांनी नुसतं सोडून देतं
जे धरायला दिलं होतं ते.

"लाकूड कसलं आहे?" त्यांनी विचारलं, तोंडात कापूस.
"पुढे असती तर ओक म्हटलं असतं," डॉक्टर म्हणाल्या,
"वरच्या जबड्यात, मागे, तर थर्मोकोल.
तुमचं पाइन. चालेल. भोक जरा अरुंद ठेवते."
लेंडवाई खूश झाले. खुंटीचं भोक अरुंदच हवं,
दोनशेवर खुंट्या असतात एका पियानोत,
आणि लाकूड सुकलं
की एखादी आपली आपण फिरते, रात्री, कोणी नसताना.

पाना पस्तीसवर थांबला. मी चुंबकाचा दांडा बसवला,
यंत्र जवळ नेलं, आकडा वाचला: अडुसष्ट.

त्याआधीचा फॉर्म माझ्याच अक्षरात आहे.
साखर: नाही. हाडांची औषधं: नाही.
सिगारेट: सोडली. कधी?
एतेल्का गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी.
(कोटाला वास होता. मी लिहिलं नाही.)
झोपेत दात खाता का?
त्यांनी बराच वेळ खिडकीकडे पाहिलं.
"झोपलेला माणूस काय साक्ष देणार?
जी ऐकायची, ती गेली."
डॉक्टरांनी सुळे पाहिले. घासून सपाट.

तिसऱ्या आठवड्यात सत्तावन्न.
मी दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचणार होते.
"असंच होतं," डॉक्टर म्हणाल्या,
"ज्या हाडाने आवळून धरलं होतं ते विरघळतं,
नवं अजून यायचं असतं.
मधले दिवस कुणाच्याच भरवशावर नसतात."
"नव्या तारा चढवल्या की पियानो असाच उतरतो,"
लेंडवाई म्हणाले, "लोक मलाच शिव्या देतात."
मग हळूच: "मी जिभेने हलवून बघतो रोज.
खुंटा हलवूनच बळकट करतात ना?"
डॉक्टरांनी मास्क खाली घेतला.
"दोन केसांच्या जाडीइतका जरी हलला
तर भोवती हाड येत नाही, मऊ दोरे येतात.
हात लावू नका. जीभही."

मी त्यांना रात्रीची पट्टी दिली, निळ्या डबीत.
पुढच्या खेपेला कोटाला वास नव्हता,
किंवा पाऊस होता म्हणून कळला नसेल.

बाराव्या आठवड्यात चौऱ्याहत्तर.
त्यांना आकड्याचं काही नव्हतं. म्हणाले, वाजवा.
मी आरशाच्या दांड्याने टिचकी मारली.
मला ऐकू आलं: टक्.
ते डोळे मिटून होते. त्यांना हाडातून ऐकू येत होतं,
मला कधीच येणार नाही असं काहीतरी.
"सोलच्या किंचित खाली," म्हणाले. "पण धरून आहे. पुन्हा."
पुन्हा वाजवलं.

जाताना विचारलं, पट्टी लावता ना?
लावतात. उपयोग होतो की नाही,
ते सांगणारं घरात कुणी नाही.

त्या रात्री दिवा मालवल्यावर मी नवऱ्याला विचारलं,
मी झोपेत दात खाते का रे?
"नऊ वर्षं झाली," तो म्हणाला
आणि कूस बदलली.